तेच ते तुणतुणं

आजची नोंद तुणतुण्याची. ‘काय सकाळपासून तेच तुणतुणं लावलंय!’ हे घरोघरी ऐकू येतं. अर्थ एकच: पुन्हा पुन्हा तीच रड, ऐकणाऱ्याला वीट आणणारी. पारा आणखी चढला की ‘बंद कर तुझं तुणतुणं’. असं म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते वाद्य हातात धरलेलं असतं.

लाकडाचं पोकळ नळकांडं. पत्र्याचा डबाही चालतो. वरचं तोंड उघडं, खालचं चामड्याने मढवलेलं. बाजूला बाहेरून उभी दांडी ठोकलेली, तिच्या वरच्या टोकाला खुंटी. चामड्याच्या मधोमध भोक पाडून तार आतून वर काढतात आणि खुंटीला गुंडाळतात. तारेच्या खालच्या टोकाला बटण किंवा जाड चकती अडकवावीच लागते. नुसती गाठ मारली तर ताण पडताच तार चामडं फाडून वर येते. वाजवायला लाकडाचा बारीकसा तुकडा पुरतो.

एकच तार, एकच सूर, हे खरंच. पण तो गाणाऱ्याचा षड्ज, म्हणजे त्याचा ‘सा’ असतो. शाहीर काळी दोनमध्ये (पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीत) गाणार असेल तर तारही काळी दोनला. डफ-झांजेच्या दणक्यात, आवाज टिपेला पोचल्यावर, षड्ज सापडतो तो या तारेवरच. शिवाय प्रत्येक ‘तुण’ लयीत पडतो, म्हणजे सूर आणि ठेका दोन्ही त्याच तारेवर. तमाशात हे वाजवणाऱ्याला सुरत्या म्हणतात, ते काही उगाच नाही. ‘जी जी रं’ची झीलही, म्हणजे शाहिरामागून म्हणायची साथही, तो धरतो. (त्या झीलेचंही आपण तेच केलं. दुसऱ्याची री ओढणारा, झील ओढणारा म्हणजे होयबा.)

बिघडतं ते बहुधा चामड्यामुळे. पावसाळी हवेत ते ओलावून सैल पडतं आणि खुंटीला हातही न लावता सूर उतरतो. डफ शेकताना तुणतुणं आगीजवळ राहिलं तर चामडं आवळतं, सूर चढतो. म्हणून सूर लावायचा तो शेकणं आटोपल्यावर, अगदी शेवटी. खुंटी घसरत असेल तर तिला खडू चोळावा. तार उतरलेली लक्षात आली नाही तर झीलकरी तिच्यामागे खाली जातात, शाहीर वरच राहतो, आणि पोवाडा दोन पट्ट्यांत सुरू होतो.

तंबोराही मैफलभर तेच तेच छेडतो. त्याला कटकट म्हणायची कोणाची छाती होत नाही. तो गादीवर बसतो, तुणतुणं गोंधळ्याच्या नि शाहिराच्या हातात असतं.

आणि उपमा तरी कुठे जुळते? घरात रडगाणं लावणारा दर खेपेला पट्टी चढवत नेतो. सुरत्याने असं केलं तर दुसऱ्या दिवशी त्याला फडात उभं कोण करील?