कोरी पट्टी

मी परफ्यूमच्या काउंटरवर उभी असते. परवा दुपारपासून वास दाखवायची एक कोरी कागदी पट्टी माझ्या डोक्यातून जात नाही.

मायलेकी आल्या होत्या. लेकीने काय ते आधीच ठरवलं होतं. "आईला शालिमारच लागतो, पण त्यातलाच हलका काहीतरी दाखवा. ती लिफ्टमधून उतरून गेली तरी वास तिथंच असतो." काकू नुसत्या हसल्या. "मला तर येतच नाही गं वास."

हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. वर्षानुवर्षं एकच परफ्यूम मारला की नाक त्याला सरावतं आणि एकाचे चार फवारे कधी झाले ते माणसाला कळत नाही. मीही तेच धरून चालले.

हलका मागितला की आमच्यातले निम्मे जण डोळे झाकून ओ द तॉयलेत पुढे सरकवतात. मला ते पटत नाही. त्यात अर्काचं प्रमाण कमी असतं हे खरं, पण शालिमारचं वजन नुसत्या प्रमाणात नाही. 1925 च्या पॅरिस प्रदर्शनातून गाजलेला झाक गेर्लँ यांचा हा परफ्यूम. नाव मुघलांच्या शालिमार बागेवरून. वर भरपूर बर्गामोट, म्हणजे लिंबाच्या जातीचं एक फळ, तळाला व्हॅनिला, टोंकाच्या बिया, लोबान. बर्गामोट लवकर उडून जातो. तळाचा जड माल अंगावर तासन् तास आणि शालीवर दिवसेंदिवस बसून राहतो. पातळ केला तरी शेवटी उरतो तो तोच. खरा हलका करायचा तर बांधणीच बदलावी लागते. 2003 च्या शालिमार लाइटमध्ये परफ्यूम बनवणाऱ्या माथिल्द लोराँ यांनी लिंबू पुढे आणलं, तसं. असा परफ्यूम मारल्या मारल्या ठरवायचा नसतो. आधी स्पिरिट उडू द्यायचं, मग अर्धा-पाऊण तास थांबायचं. एवढा धीर गिऱ्हाइकाला नसतो आणि आमच्या टार्गेटलाही नसतो.

मी पट्ट्यांच्या टोकांवर पेन्सिलीने नावं लिहिली, फवारे मारले आणि दोघींना बसवलं. ताजी पट्टी नाकाशी नेली की काकू म्हणायच्या, "हा फार जोरात आहे." वाळलेली नेली की, "हा छान." शेवटी त्यांनी एक पट्टी उचलली, डोळे मिटून हुंगली आणि म्हणाल्या, "हाच द्या. अगदी हलका आहे."

त्या पट्टीवर नाव नव्हतं. गठ्ठ्यातली वरची कोरी पट्टी होती ती.

मी काही बोलले नाही. मोगऱ्याच्या वासाचा एक टेस्टर, मग संत्र्याचा, दोन्ही थोडे वाळवून दिले. काकू हे कधीच वापरत नव्हत्या, म्हणजे नाक सरावण्याचा प्रश्न नव्हता. "हे दोन्ही एकाच कंपनीचे का?" त्यांनी विचारलं. तेव्हा उलगडलं. ताज्या पट्टीतलं जे त्यांना 'जोरात' वाटत होतं, ती स्पिरिटची चुणचुण होती. ती वासाच्या नसेला नाही, चेहऱ्याच्या संवेदनेच्या नसेला कळते. वास गेला तरी चुणचुण राहते, म्हणून माणसाला वाटत राहतं की आपलं नाक शाबूत आहे.

मागे जाऊन सिनियरला सांगितलं. तो म्हणाला, "आपण डॉक्टर आहोत का? बाटली दे आणि मोकळी हो." दहा वर्षं वास विकणाऱ्या माणसाने असं बोलावं, याचं मला अजून वाईट वाटतं. गॅस सुटला तर कळावा म्हणून त्यात मुद्दाम घाण वास मिसळतात. काकूंना तो कळणार होता का?

बिल करायच्या निमित्ताने मी लेकीला बाजूला घेतलं, पट्टी दाखवली आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना एकदा दाखवा म्हटलं. तिने पट्टी स्वतः हुंगली. मग मागे वळून आईकडे बघितलं आणि बराच वेळ काही बोललीच नाही. लिफ्टचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

आता वाटतं, नाक काकूंचं होतं, सांगायचं त्यांनाच होतं. त्या चार पावलांवर बसल्या होत्या. वयाचा मान राखला अशी मी माझी समजूत घातली, पण खरं म्हणजे धीर झाला नाही.

त्यांनी हलकी बाटली घेतलीच. मी बजावलं, "काकू, वासावर जाऊ नका, मोजून दोन फवारे. एक मानेच्या मागे, एक पदराच्या आत. नाही आला वास तरी तिसरा नाही." त्यांनी दोन बोटं वर करून दाखवली. मग टेस्टर उचलून मनगटावर एकच फवारा मारला, नीट वाळू दिला आणि हात माझ्यापुढे धरला.

"तुला येतोय ना?"

"येतोय, काकू."

"मग झालं तर," त्या म्हणाल्या आणि पिशवी लेकीकडे न देता स्वतःच उचलली.