तुम्ही विचारलंत म्हणून: क्वेक अजून संपलं नाही का?

ऑफिसात विचारतात, लग्नाकार्यात विचारतात: "अजून तेच क्वेक खेळता? नवे गेम येतात की!" भाचा तर तोंडावरच म्हणतो, "मामा, यातले राक्षस चौकोनी आहेत रे."

आहेतच. बंदुकीने राक्षस मारायचा हा गेम १९९६ चा आहे. पण हल्ली मी खेळतो त्या लेव्हल्स १९९६ च्या नाहीत. २०२१ मध्ये नाइटडाइव्ह स्टुडिओजने क्वेकची डागडुजी करून ते परत आणलं, आणि सोबत स्वीडनच्या मशीनगेम्सने रचलेलं कोरं कॅम्पेन, म्हणजे नव्या लेव्हल्सची मालिका, आलं, 'डायमेन्शन ऑफ द मशीन'. २०२३ मध्ये क्वेक टूला 'कॉल ऑफ द मशीन' मिळालं, २८ लेव्हल्सचं. पुढच्याच वर्षी डूमला, म्हणजे क्वेकच्याच कंपनीच्या आणखी जुन्या गेमला, 'लेगसी ऑफ रस्ट'. पीसीवर ज्यांनी हे गेम आधी घेतले होते त्यांना सगळं फुकट. आता सांगा, नाही कशाला म्हणू?

खरं कारण मात्र ओगर नावाचा राक्षस आहे. एका हातात करवत, दुसऱ्यात ग्रेनेड फेकायची नळी. मूळ क्वेकमध्ये तो समोर बघून फेकतो, वरखाली नेम धरणं त्याला जमत नाही. त्याचा ग्रेनेड चुकून एखाद्या नाइटला, म्हणजे तलवारवाल्या राक्षसाला, लागला, की नाइट मला विसरून ओगरवर तलवार उपसतो. मी कोपऱ्यात उभा राहून गंमत बघतो, गोळ्या वाचतात. शॅम्बलर या धिप्पाड राक्षसाचंही तसंच. दोन्ही हात वर करून तो वीज गोळा करतो, तेवढ्या वेळात खांबाआड सरकायचं. त्याच्यावर रॉकेट मारणं म्हणजे पैसे पाण्यात, स्फोटाचा मार त्याला निम्माच लागतो.

हे सगळं मला पाठ आहे, आणि नव्या लेव्हल रचणाऱ्यालाही पाठ आहे. मी कुठल्या खांबाआड जाणार हे त्याला माहीत असतं. राक्षस बहुतेक तेच, बंदुकाही बहुतेक त्याच, बदलतात त्या भिंती. त्यामुळे प्रत्येक नव्या खोलीत शिरताना मी दाराशी थांबून आधी खांब मोजतो. २०१९ मध्ये डूमच्या मूळ कर्त्यांपैकी जॉन रोमेरोने डूमसाठी 'सिजिल' हा नव्या लेव्हल्सचा संच काढला, तेव्हाही तेच झालं. डोळ्याच्या आकाराच्या खुणेवर गोळी झाडल्याशिवाय वाट उघडत नाही, आणि अंधारात डोळा शोधेपर्यंत मागून कुणीतरी येतंच.

तक्रारही आहे. जुन्या मशीनला झेपेल एवढीच लेव्हल तेव्हा बांधता यायची, आता ती अडचण उरली नाही. म्हणून काही नव्या लेव्हल्स उगाच अवाढव्य झाल्यात. क्वेक टूमध्ये वाट दाखवायला होकायंत्र घातलंय. मी ते वापरतो. भाच्याला सांगू नका.

एक सांगायचं राहिलंच. माझ्याकडे कॉलेजात असताना क्वेकची कुणीतरी कॉपी करून दिलेली सीडी होती. गाणी मूळ सीडीवर ऑडिओ ट्रॅक म्हणून असायची, नुसत्या फाइली कॉपी केल्या की ती मागेच राहायची. मी वर्षानुवर्षं क्वेक बिनसंगीताचंच खेळलो, नुसती पावलं, दारांची करकर आणि राक्षसांचं गुरगुरणं. नाइन इंच नेल्स या बँडच्या ट्रेंट रेझनरने त्याला संगीत दिलं होतं, हे वाचून माहीत होतं, एवढंच. २०२१ च्या आवृत्तीत ते पहिल्यांदा कानावर पडलं, तेव्हा मी पहिल्याच लेव्हलच्या सुरुवातीला पाच मिनिटं हललो नाही.

गेल्या दिवाळीत भाचा आला होता. म्हटलं, ये, एक खोली खेळून बघ. शॅम्बलर दिसताच त्याने रॉकेटं सोडायला सुरुवात केली. मी गप्प राहिलो. तिसऱ्यांदा मेल्यावर तो म्हणाला, "मामा, तो खांब कशासाठी आहे?"