नाताळचा केक भट्टीवर: पाच टिन, नेरूळ ते ठाणे

घरी कालवलेला केक भट्टीत भाजून द्यायला बेकरीवाल्याला टिनामागे दोनशे रुपये देऊ नका. आम्ही शेवटी दीडशे दिले, पण त्यासाठी बेकरीच्या पायरीवर अर्धा तास घासाघीस करावी लागली आणि तोवर पाचही टिनांतलं मिश्रण बसायला लागलं होतं. फोनवर ऐंशी सांगितले होते. तेही विचारून, पुन्हा विचारून. घरी केक कालवून ठाण्यात भट्टीवर भाजून आणायचा विचार ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माझ्या आईला तासभर उभं राहावं लागलं नसतं.

घरी ओव्हन असताना हा उद्योग कशाला, असं नेरूळमधल्या आमच्या सोसायटीत तिघींनी विचारलं. त्याचं उत्तर १९८६ च्या नाताळात आहे. तेव्हा आम्ही ठाण्यात, जांभळी नाक्याच्या मागे दोन खोल्यांत राहायचो. स्वयंपाक स्टोव्हवर, ओव्हन कुणाकडेच नाही. वाडीतल्या सगळ्या ईस्ट इंडियन, म्हणजे आमच्यासारख्या इथल्या मूळच्या ख्रिस्ती घरांत केक घरी कालवायचा आणि बेकरीवाल्याकडे न्यायचा, हाच रिवाज. पपा वागळे इस्टेटमध्ये सेकंड शिफ्टला होते. मी उठायच्या वेळी ते झोपलेले, मी झोपल्यावर ते घरी. त्या वर्षी त्यांनी २२ डिसेंबरची रात्र सुट्टी काढली आणि टिन घेऊन मला बरोबर नेलं. मी नऊ वर्षांची होते. पावाची शेवटची लादी निघाल्याशिवाय केक आत जात नाही, त्यामुळे रात्री दोनपर्यंत आम्ही दोघं मैद्याच्या पोत्यांवर, भट्टीच्या भिंतीला पाठ लावून बसलो होतो. भिंत ऊबदार होती, पपांची शाल आम्हा दोघांवर होती. १३२१ साली ठाण्यात मारल्या गेलेल्या चार फ्रान्सिस्कन साधूंची गोष्ट त्यांनी सांगितली, आणि नंतर येऊन त्यांची हाडं थेट चीनपर्यंत घेऊन गेलेल्या ओदोरिक नावाच्या साधूची. ती हाडं कशात बांधली होती हे मी तीनदा विचारलं. पपांनी तीनदा वेगळं उत्तर दिलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात आवडता नाताळ तोच, आणि त्यातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते भट्टीजवळचं बसणं.

पपा जाऊन सहा वर्षं झाली. त्यांचे पाच टिन आईने जपून ठेवलेत. प्रत्येकाच्या कडेला खिळ्याने कोरलेल्या तीन रेघा आहेत, घरातल्या तीन माणसांच्या. या वर्षी आई म्हणाली, एकदा भट्टीवर करू या. म्हणून २२ डिसेंबर, सोमवार, संध्याकाळ: आई, माझी लेक आणि मी.

गाडीचा प्रवास सोपा. नेरूळहून ट्रान्स हार्बरची ठाणे लोकल, लेडीज डबा, उलट्या दिशेची वेळ, बसायला जागा. टिन मांडीवर सपाट ठेवायचे, रॅकवर कधीच नाही. तुर्भ्याच्या आसपास लेकीने विचारलं की आपण राहतो पश्चिम किनाऱ्यावर, मग आपल्याला ईस्ट इंडियन का म्हणतात. आईने सांगितलं: १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली, तेव्हा इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांनी हे नाव घेतलं. गोवा-मंगळूरहून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे, आपले वाडवडील ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होते, हे सरकारला कळावं म्हणून. लेकीला हे पटलं नाही. तोवर ऐरोली आली होती.

आता तो भाग, ज्यासाठी मी अजूनही चिडलेली आहे. ट्रान्स हार्बरच्या गाड्या ठाण्याला नऊ-दहा नंबरला लागतात, म्हणजे पूर्वेच्या टोकाला. चर्च, जांभळी नाका, मासुंदा तलाव, सगळं पश्चिमेला. म्हणजे अख्खं स्टेशन पुलावरून ओलांडायचं. संध्याकाळी सातला त्या पुलावर काय असतं ते ठाणेकरांना सांगायला नको. पाच-सहा नंबरचा फलाट २०२४ मध्ये त्रेसष्ट तासांचा ब्लॉक घेऊन रुंद केला, पण फलाट रुंद झाला म्हणून पूल रुंद होत नाही. दोन्ही हातांत ओलं मिश्रण, झाकण म्हणून फडकं, मागून माणसं रेटतात, समोरून बॅगा येतात. पाच नंबरच्या जिन्यापाशी एकाची बॅग टिनावर आदळली आणि पाव किलो मिश्रण माझ्या साडीवर आलं. आईला आम्ही कठड्याच्या बाजूने चालवत होतो. पूल पार करायला आम्हाला बावीस मिनिटं लागली, लेकीने घड्याळ लावलं होतं.

म्हणून ऐका. एका माणसाने दोनच टिन धरायचे, आणि तेही उंच कडेच्या पातेल्यात ठेवून, वर घट्ट बसणारं झाकण. फडकं पुरत नाही. दुपारी दोन ते चारच्या मध्ये पोहोचा. संध्याकाळची वेळ टाळता येत नसेल तर मिश्रण घरी पूर्ण करूच नका, ते का ते पुढे सांगते. आणि गुडघेदुखी असलेल्या माणसाला वेगळं, उशिरा, रिकाम्या हातांनी आणा.

स्टेशनबाहेर रिक्षा. जांभळी नाका म्हटल्यावर तिघांनी मान हलवली, चौथ्याने दीडशे सांगितले. फेब्रुवारी २०२५ पासून किमान भाडं सव्वीस रुपये आहे, आणि हे अंतर किमान भाड्याचंच आहे. रात्री बारा ते पाच पंचवीस टक्के जास्त, म्हणजे तेव्हाही पस्तिशीच्या आत. शेअर रिक्षात टिन घेऊन बसू देत नाहीत. आम्ही चालत गेलो. सॅटिसच्या, म्हणजे स्टेशनबाहेरच्या बसच्या पुलाच्या, खालून बाहेर पडून बाजारातून सरळ. धडधाकट माणसाला दहा-बारा मिनिटं, आम्हाला पंचवीस. आईने वाटेत एकदाही थांबायला सांगितलं नाही, आणि म्हणूनच मी थांबायला हवं होतं.

१९८६ ची बेकरी आता नाही, तिथे मोबाइलचं दुकान आहे. ही दुसरी. तिचं नाव इथे देत नाही. फोनवर ऐंशी सांगणारा आणि दुकानात दोनशे मागणारा एकच माणूस होता. त्याचं म्हणणं, ऐंशी हा अर्ध्या किलोच्या टिनाचा दर. माझं म्हणणं, वजन विचारायचं काम दर सांगणाऱ्याचं. आमचे टिन सव्वा किलोचे. वजनाची गोष्ट त्याला कळत नव्हती असं नाही, ती त्याने दारात टिन आल्यावर काढली, जेव्हा माघारी जायचा पर्याय उरत नाही. ही युक्ती आहे आणि तिला नाव द्यायला मी कचरणार नाही. तुम्ही फोनवरच टिनाचं माप, वजन, संख्या आणि दर मेसेजवर लिहून घ्या. लिहून द्यायला नकार दिला तर दुसरी बेकरी बघा. आणि २० तारखेनंतर जाऊच नका. त्यानंतर त्यांच्या स्वतःच्या ऑर्डरी असतात आणि तुम्ही अडचण ठरता.

बेकरीवाल्याची दुसरी अट: टिन ठेवून जा, सकाळी या. आईने टिन सोडायला साफ नकार दिला. तिचं कारण भावनेचं नव्हतं. भट्टीत पंधरा घरांचे टिन जातात आणि वर चिकटवलेली चिठ्ठी जळते, हे तिने चाळीस वर्षं पाहिलंय. (चिठ्ठ्या लावायला सांगणाऱ्यांनी एकदा तरी भट्टी बघावी.) तुमच्या टिनावर खिळ्याने खूण करा, कडेला, बाहेरून. पपांच्या रेघा आजही बोटाला लागतात.

आता मिश्रणाचं. विटांची भट्टी एकदा तापली की हळूहळू निवते. पावाला कडक आच लागते, दोनशे वीस अंशांच्या वर. फळांच्या केकला साधारण एकशे साठ-सत्तर, आणि बराच वेळ. म्हणून पाव आधी, केक नंतर, आणि म्हणूनच रात्र. घाई करून आधी घातला तर वरून काळा, आत कच्चा. हे तुम्हाला माहीत असेल तर तुम्ही रांगेत पुढे जायची धडपड करणार नाही. आम्ही मात्र घरून बेकिंग पावडर घालून निघालो, ही आमची चूक. ओलाव्यात पडल्यापासून तिचं काम सुरू होतं, आणि आमचे टिन आत गेले साडेअकराला. पाचातले दोन केक मध्ये बसले. अंड्यांच्या फेसावर फुगणारा केक तर याहून वाईट बसतो. त्यामुळे रममध्ये मुरलेला सुका मेवा वेगळ्या डब्यात, लोणी-साखर-अंडी वेगळी, मैदा आणि पावडर कोरडी वेगळी न्या, आणि आत जायच्या पंधरा मिनिटं आधी तिथेच कालवा. जागा मागा, कुणी नाही म्हणत नाही. वर टाकायला ओला जाड कागद जवळ ठेवा. थाळी स्वीटचं मात्र काळजी न करता नेता येतं, रवा-खोबऱ्याचं ते मिश्रण वाट बघायला घाबरत नाही. फुगे, कुलकुल, न्यूऱ्या सगळं तळणीचं, त्याचा इथे संबंध नाही.

मालक घरी गेल्यावर भट्टीवरच्या वयस्क कारागिराने आईला आत बोलावलं. भट्टी आता डिझेलवर चालते, पण विटा जुन्याच आहेत. त्याने एक पोतं झटकलं, भिंतीला लावलं, म्हणाला, “माँजी, इधर गरम है.” आई बसली. पाठ टेकली. मी तिच्या एका बाजूला, लेक दुसऱ्या बाजूला. मग आईने लेकीला सांगायला सुरुवात केली की आजोबा अशाच भिंतीला टेकून बसायचे आणि दर वर्षी शेजारच्या घराच्या टिनातला एक बेदाणा काढून खायचे. हे मला माहीत नव्हतं. १९८६ मध्येसुद्धा त्यांनी तो काढला असणार, आणि मी शेजारीच बसले होते.

लांब दांड्याच्या फावड्यावरून एकेक टिन आत गेला. तासाभराने वास आला. साखर जाळून घातलेल्या केकचा वास भट्टीत वेगळा येतो. ओव्हनमध्ये तो येत नाही हे मी शपथेवर सांगते, का ते मला शास्त्राने समजावता येणार नाही. आईने डोळे मिटले होते आणि तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता. पायातला गोळा, साडीवरचं मिश्रण, दीडशे रुपये, काहीही आठवत नव्हतं. अडीचला टिन बाहेर आले. एकूण दहा-बारा घरांचे टिन होते, सगळे सारखे काळे. अंधारात आईने बोट फिरवून आमचे पाच बाजूला केले.

रात्री परत जाण्याचा बेत करू नका. त्या वेळी लोकल नाही, आणि गरम टिन घेऊन कुणी रिक्षात घेत नाही. आमची मावशी चरईत राहते म्हणून जमलं. ठाण्यात मुक्कामाला कुणी नसेल तर हा सगळा बेत सोडून द्या, माझं स्पष्ट मत आहे. केक टिनातच पूर्ण निवू द्या, किमान पाच-सहा तास. आमचा एक घाईत काढला आणि तुटला.

चोवीसच्या मिस्सेसाठी, म्हणजे चर्चमधल्या नाताळच्या रात्रीच्या प्रार्थनेसाठी, ठाण्यातच थांबणार असाल तर एक गोष्ट: सगळे ‘मिडनाइट मिस्सा’ म्हणतात म्हणून बाराला जाऊ नका. ध्वनिक्षेपकांचे नियम आल्यापासून बऱ्याच चर्चमध्ये ती बरीच आधी सुरू होते. आदल्या रविवारी फलकावर वेळ बघून घ्या. आम्ही जांभळी नाक्याजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्टला गेलो, गोठा बघितला, आईला पुढे बसायला जागा मिळाली.

पंचवीस तारीख नेरूळलाच, छान गेली. सगळे आले, डुकराच्या मटणाचं सोरपोतेल संपलं.

काही जण विचारतील, ओव्हनचा केक आणि हा, चवीत फरक आहे का. आहे. कडा जास्त खरपूस, आत ओलसर. पण दोन बसलेले केक पाहता, चवीसाठी कुणाला हे करा म्हणणार नाही. ज्यांच्या घरी भट्टीजवळ बसलेलं माणूस अजून आहे, त्यांनी याच वर्षी करा. मुंबईत लाकूड-कोळशाच्या भट्ट्या बदलायचा उच्च न्यायालयाचा आदेश २०२५ मध्येच आला आहे, विटांच्या भट्ट्या किती राहतील सांगता येत नाही. त्या कारागिराने तर सांगितलंच की इथे इलेक्ट्रिक ओव्हन येतोय.

मी आईला म्हटलं, पुढच्या वेळी १८ तारखेला जायचं, दुपारच्या गाडीने, आणि दोनच टिन. आई म्हणाली, तीन.