दिवाडी ते नार्वे: देव गेले त्या वाटेने

जुन्या गोव्यात आलेली बहुतेक मंडळी चर्च बघून माघारी फिरतात. व्हाइसरॉयच्या कमानीतून नदीच्या दिशेने खाली चालत गेलं की मांडवीचा धक्का येतो आणि पलीकडे दिवाडी बेट दिसतं. फेरीबोट तिथूनच सुटते. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. पलीकडे पोहोचायला फार वेळ लागत नाही, पण कमानीजवळचा गोंगाट तेवढ्यात संपतो.

सुरुवातीलाच एक आग्रह करते. नुसतं दिवाडी बघून परतू नका. जुन्या गोव्याहून बेटावर या, बेट ओलांडून उत्तरेच्या टोकाला जा आणि तिथून दुसऱ्या फेरीने पलीकडच्या नार्वे गावात उतरून सप्तकोटेश्वराचं, म्हणजे तिथल्या शंकराचं, दर्शन घ्या. क्रमही हाच ठेवा. बरेच जण डिचोलीकडून गाडीने थेट देवळाच्या दारात पोहोचतात, शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केलेलं देऊळ म्हणून हात जोडतात आणि निघतात. पण हा देव नदीपलीकडे का आला, ते नदी ओलांडल्याशिवाय कळत नाही.

बेटावर उतरल्यावर रस्ता भातशेतीतून जातो. ही शेती साधी नाही, तिला खाजन म्हणतात. मांडवीचं पाणी इथे भरती-ओहोटीनुसार चढतं-उतरतं आणि खारं असतं. ते अडवायला पूर्वजांनी चिखल, पेंढा आणि जांभा दगड वापरून बांध घातले आणि बांधात लाकडी दारं बसवली. या दारांना मानस म्हणतात. बांधावर भेटलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी विचारलं, दार उघडायला-मिटायला कोण येतं? ते म्हणाले, "कोण कित्याक? भरती आयली की दार आपलेंच धांपता, सुकतेक आपलेंच उगडटा." नदीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने दार मिटतं, ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. ना मोटर, ना वीज. मी तिथे बराच वेळ उभी होते. खाऱ्या मातीत टिकणारं कोरगुट हे भात इथलंच. मानशीजवळ जाळं लावून मासळी धरायचा हक्क लिलावाने देण्याची रीतही जुनी आहे.

बांध एकट्यादुकट्याला राखता येत नाही. गाव मिळून जमीन सांभाळायचं, त्यातूनच गोव्याची गावकरी उभी राहिली. पोर्तुगीज आले तेव्हा ही व्यवस्था आधीपासून चालत होती. तिचे रीतिरिवाज त्यांनी १५२६ साली लिहून घेतले आणि पुढे तिला कोमुनिदाद म्हटलं. आज खाजनांसमोरचं संकट वेगळं आहे. कसणारे हात कमी झाले की बांधाकडे दुर्लक्ष होतं, एका जागी फुटला की खारं पाणी आत येतं, आणि काही वर्षांत शेताच्या जागी खारफुटी दिसते. म्हणून बांधावरून चालताना कडेने चाला, दुचाकी तर मुळीच घालू नका. मानशीच्या दाराशी खेळू नका.

पिएदाद हा बेटाचा उंच भाग. टेकडीवर चर्च आहे आणि तिथून मांडवीपलीकडे जुन्या गोव्याचे मनोरे दिसतात. चर्चच्या दफनभूमीत एक छोटं चॅपेल आहे. त्याचं कोरीव दगडी छत जुन्या देवळाचा अवशेष मानलं जातं. ते उघडं असेल तर जरूर बघा, पण आधी विचारून आत जा. कुणाच्या तरी आईवडिलांच्या कबरी तिथे आहेत, हे कॅमेरा काढण्यापूर्वी लक्षात असू द्या. खाली वाड्यांतली जुनी घरं सुंदर आहेत. पोर्तुगीज धाटणीच्या खिडक्या, पुढे बसायला बाल्कांव. ती राहती घरं आहेत, फाटकातून आत शिरू नका.

वाड्यांवरून आठवलं. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी इथे बोंदेरा हा उत्सव असतो. वाड्यावाड्यांत जमिनीच्या हद्दीवरून भांडणं होत, म्हणून पोर्तुगीजांनी हद्दीवर निशाणं लावली आणि लोकांनी ती दगड मारून पाडली, अशी त्याची कथा सांगतात. आता त्याची मिरवणूक होते, रंगीत बावटे फडकतात आणि पोरं फोटाश या बांबूच्या खेळण्यातल्या बंदुकीत छोटी फळं घालून उडवतात. लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या, आधी पोतेकार निघतात, मुखवटे घालून आणि घुंगरं-घंटा वाजवत. बोंदेराला यायचं तर जरूर या, पण त्या दिवशी फेरीला मोठी रांग लागते, चारचाकी आणू नका आणि इतिहास बघायचा बेत वेगळ्या दिवशी ठेवा.

पिएदादवरून उत्तरेला गेलं की बेटावरचं नार्वे लागतं. नाव पलीकडच्या गावासारखंच. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ इथे होतं. गोव्याच्या कदंब राजांचं हे कुलदैवत. त्यांच्या नाण्यांवरही सप्तकोटेश्वराचं नाव असे. चौदाव्या शतकात बहामनी स्वारीत देऊळ पडलं. गोवा विजयनगरकडे आल्यावर तिथल्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारलं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं ते कायमचंच. आज दगडी पायऱ्यांचं कोटीतीर्थ हे तळं उरलं आहे. भिंतीत ओळीने कोनाडे आहेत. पावसाळ्यात पायऱ्या शेवाळलेल्या असतात, पायांत पकड असलेली चप्पल हवी. इथे वेळ द्या. फोटो काढण्यासारखं फारसं नाही, पण कोनाड्यांसमोर उभं राहिलं की इथे किती माणसं येत असतील याचा अंदाज येतो. मला तिथून लवकर हलवेना.

मग धक्क्यावर या. समोर डिचोलीचा काठ. दिवाडी ज्या तिसवाडी तालुक्यात येतं, ती तिसवाडी १५१० पासून पोर्तुगीजांची, आणि देऊळ पडलं तेव्हा हा पलीकडचा काठ आदिलशाहीत. म्हणजे ही नदी त्या वेळी दोन राज्यांची सीमा होती. भक्तांनी लिंग उचललं आणि ते पाणी ओलांडलं. आज फेरी ते अंतर काही मिनिटांत कापते, बोटीत शाळेची पोरं आणि मासळीच्या टोपल्या असतात. मी कठड्याला धरून उभी होते आणि डोळ्यांत पाणी आलं, ते लपवावंसं वाटलं नाही.

नार्व्याचं देऊळ धक्क्यापासून जवळ आहे. आकाराने लहान, उतरतं कौलारू छप्पर, वर अष्टकोनी बैठकीवर घुमट आणि पुढे दीपस्तंभ. दारावरचा शिलालेख चुकवू नका. शके १५९०, म्हणजे १६६८ साली, शिवाजीराजांच्या आज्ञेने देवळाचं काम सुरू झालं, असं त्यात कोरलं आहे. अलीकडे गोवा सरकारने देवळाचं जतन-काम केलं आणि २०२३ साली ते पूर्ण झालं. दगडी लिंग धारालिंग आहे, त्याचे उभे पैलू समईच्या उजेडात नीट दिसतात, घाई करू नका. गोकुळाष्टमीला इथे नदीस्नानासाठी मोठी गर्दी होते.

आता उपयोगाचं. कोकण रेल्वे दिवाडीवरून जाते पण स्टेशन नाही, करमळीला उतरा, जुनं गोवं तिथून जवळ आहे. बेटावर बस मोजक्याच, दुचाकी सोयीची, पेट्रोल नदी ओलांडण्याआधीच भरून घ्या. रायबंदरहूनही दिवाडीची फेरी आहे, पण या प्रवासाला जुन्या गोव्याचीच घ्या. नार्व्याच्या फेरीची शेवटची खेप किती वाजता, हे धक्क्यावरच्या माणसांना सकाळीच विचारा, नाहीतर रस्त्याने मोठा वळसा पडतो. सकाळी लवकर निघा, पाणी आणि सुटे पैसे जवळ ठेवा. हिरवं भात बघायचं तर ऑगस्ट-सप्टेंबर, ऊन सोसत नसेल तर डिसेंबर-जानेवारी.

दुसरा दिवस हाताशी असेल तर माशेलजवळच्या खांडोळ्याला जा. तिथला महागणपतीही मूळचा दिवाडीचाच. पूजा सकाळी असते, त्या बेताने निघा.