पाव टक्का म्हणजे पंचवीस बेसिस पॉइंट

मी बँकेच्या पीओ म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसरच्या परीक्षेची तयारी करते. माझ्या फोनमध्ये ‘करंट’ म्हणजे चालू घडामोडींचा एक फोल्डर होता आणि त्यात ११४ पीडीएफ. विकली, मंथली, कॅप्सूल, सुपर कॅप्सूल, सगळं. टेलिग्रामवर नवीन पीडीएफ पडली की डाउनलोड करायची, आणि डाउनलोड झाली की वाचून झाल्यासारखंच वाटायचं, खरंच सांगते, एकदम हलकं वाटायचं. त्यातल्या नीट वाचलेल्या किती, तर बारा-पंधरा असतील नसतील.

प्रिलिम्सला म्हणजे पूर्व परीक्षेला जीए, म्हणजे सामान्य ज्ञान, नसतंच, त्यामुळे तोपर्यंत सगळे क्वांट (गणित) आणि रिझनिंगच्या मागे, आणि प्रिलिम्सचा निकाल लागला की एकदम धाबं दणाणतं कारण मेन्सला, म्हणजे मुख्य परीक्षेला, हातात उरतात थोडेच दिवस. मग अभ्यासिकेत रात्री अकरापर्यंत वन-लायनर घोकायचे. मी पण तेच केलं. क्लासमध्ये सांगितलेलं, सहा महिन्यांचं करंट तोंडपाठ करा बाकी काही बघू नका. केलं तोंडपाठ. आणि पीओच्या मेन्सला बसले तर काय, प्रश्न वाचला की सगळेच पर्याय ओळखीचे! लग्नात भेटणाऱ्या लांबच्या नातेवाइकांसारखे, चेहरा माहितीये, कुठेतरी भेटलोय, नाव काही केल्या आठवत नाही. मला त्या पीडीएफचं पान दिसत होतं हो डोळ्यासमोर, वर निळी पट्टी, उजव्या कोपऱ्यात चौकट, आणि चौकटीतला आकडा तेवढा धूसर. चुकलं की पाव मार्क जातो हे माहीत असून ‘हेच असणार’ म्हणत ठोकत गेले. जे व्हायचं ते झालं, त्यावर जास्त लिहीत नाही.

माझं डोकं ठिकाणावर आणलं ते बाबांनी, आणि त्यांना अजून ते माहीत नाही.

आमच्याकडे मराठी पेपर येतो आणि बाबा चहा पिताना हेडिंग मोठ्याने वाचतात, कुणी ऐकत असो नसो. फेब्रुवारी २०२५ ची गोष्ट. रेपो दरात पाव टक्का कपात. मी लगेच आतून ओरडले, साडेसहावरून सव्वासहा, गव्हर्नर संजय मल्होत्रा! मोठी हुशार. बाबांनी पेपर खाली घेतला आणि विचारलं, “मग आपल्या एफडीचं व्याज कमी होणार का गं?”

आणि मला येईना. म्हणजे रेपो रेटची व्याख्या येत होती, रिझर्व्ह बँक सरकारी रोखे तारण घेऊन बँकांना थोड्या मुदतीसाठी पैसे देते तो दर, पण त्याचा बाबांच्या एफडीशी काय संबंध ते सांगता येईना. गप्पच बसले. त्या दिवशी दुपारी क्वांट बाजूला ठेवून हेच शोधत बसले. चालू असलेल्या एफडीचा दर मुदत संपेपर्यंत तोच राहतो, नवीन केली किंवा रिन्यू केली तर नवा दर, आणि बँका ठेवींचे दर कमी करतात त्या आपापल्या सवडीने. कर्जाचं उलट, १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना फ्लोटिंग रेटची नवीन होम लोन बाहेरच्या बेंचमार्कला जोडावी लागली, बऱ्याच बँकांनी त्यासाठी रेपोच धरला, आणि तो दर निदान तीन महिन्यांतून एकदा रिसेट करायचाच. म्हणजे दादाच्या होम लोनला फायदा लवकर आणि बाबांना फटका सावकाश. संध्याकाळी बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे घरातल्या घरातच इकडचं तिकडे.” हे मी जन्मात विसरणार नाही, आणि याची कुठलीच पीडीएफ नव्हती.

तेव्हापासून मी एक साधी दोनशे पानी वही केली. तारखेप्रमाणे नाही, विषयाप्रमाणे. एका विषयाला एक पान, नवीन काही आलं की त्याच पानावर.

रेपोचं पान सांगते म्हणजे कळेल. सगळ्यात वर ६.५०, फेब्रुवारी २०२३. त्यावर एक आडवी रेघ, पण खोडलेलं वाचता येईल अशी. खाली ६.२५, फेब्रुवारी २०२५, शेजारी ‘जवळपास पाच वर्षांनी पहिली कपात’. मग ६.००, एप्रिल. मग ५.५०, जून, आणि तिथे लाल पेनने गोल, कारण तेव्हा एकदम अर्धा टक्का कमी केला आणि सोबत सीआरआर (बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे ठेवायच्या रोख रकमेचं प्रमाण) पण १ टक्क्याने कमी करून ३ वर आणायचं ठरलं, तेही चार टप्प्यांत. ऑगस्ट आणि ऑक्टोबरला नुसती ‘जैसे थे’ अशी नोंद. डिसेंबरला ५.२५. समासात पेन्सिलने हा दर ठरवणाऱ्या पतधोरण समितीची माहिती, सहा सदस्य, तीन रिझर्व्ह बँकेचे तीन सरकारने नेमलेले, मतं समान पडली तर गव्हर्नरचं निर्णायक मत, महागाईचं लक्ष्य ४ टक्के आणि वरखाली २. आता जुना आकडा पुसायचा नाही हे महत्त्वाचं आहे, कारण पेपर काढणारा हमखास जुना आकडा पर्यायात टाकतो आणि आपण त्यालाच बळी पडतो. वहीत तो रेघ मारलेला दिसला की डोक्यातही रेघ मारलेला राहतो, निदान माझ्या तरी.

मराठीत पेपर वाचणाऱ्यांची अजून एक भानगड असते, त्यावर कुणी बोलत नाही. पीओचा पेपर इंग्रजी-हिंदीत. बाबांच्या पेपरात ‘पाव टक्का’, परीक्षेत ‘२५ बेसिस पॉइंट’. पेपरात ‘रोख राखीव प्रमाण’, परीक्षेत सीआरआर. ‘वैधानिक तरलता प्रमाण’ म्हणजे एसएलआर हे कळायला मला दोन दिवस लागले होते, हसू नका. मग काही जण सांगतात मराठी पेपर बंदच करा. मी नाही केला. मराठीत वाचलेलं मला आधी समजतं, आणि समजलं की इंग्रजी नाव चिकटवायला कितीसा वेळ लागतो, वहीत दोन्ही शेजारी शेजारी लिहायचे, झालं. पाव टक्का म्हटलं की आता आपोआप पंचवीस येतं तोंडात, भाजी घेताना पण.

स्टॅटिक, म्हणजे सहसा न बदलणारी माहिती, आणि करंट वेगळं ठेवायचं, हेही मला पटत नाही. ग्रामीण बँकांचं बघा. १ मे २०२५ ला, म्हणजे आपल्या महाराष्ट्र दिनालाच, ‘एक राज्य, एक आरआरबी’ (आरआरबी म्हणजे प्रादेशिक ग्रामीण बँक) लागू झालं आणि ४३ च्या २८ बँका झाल्या. वन-लायनर इथे संपतो. पण आपल्याकडे काय झालं, तर विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एक झाल्या, प्रायोजक बँक ऑफ महाराष्ट्र. सिंधुदुर्गातल्या माझ्या मावशीच्या पासबुकवर अजून जुनंच नाव आहे, तिला फोन केला तर ती म्हणाली अगं शाखा तीच आहे, माणसं तीच आहेत, मला काय करायचंय. मग त्याच पानावर मी खाली लिहिलं, पहिल्या ग्रामीण बँका २ ऑक्टोबर १९७५ ला, कायदा १९७६ चा, भांडवलात केंद्राचे ५० टक्के, राज्याचे १५, प्रायोजक बँकेचे ३५. एकदा कधीतरी या बँका १९६ होत्या, आज २८. आता हे स्टॅटिक का करंट, तुम्हीच सांगा.

सरकारी बँकांचंही तसंच, १ एप्रिल २०२० ला दहाच्या चार झाल्या आणि आता एकूण बारा, पण ते सगळ्यांना पाठ असतं म्हणून सोडते.

जगाच्या बातम्यांचं मला फार टेन्शन यायचं. युद्धं, निवडणुका, टॅरिफ, रोज उठून नवीन काहीतरी, आणि टीव्हीवरच्या चर्चा बघून तर डोकंच उठतं. आता मी एकच करते, भिंतीवरचा नकाशा आणि संघटनांची पानं. ब्रिक्सच्या, म्हणजे ब्राझील, रशिया, भारत, चीन वगैरे देशांच्या गटाच्या पानावर कझानची २०२४ ची शिखर परिषद, मग जानेवारी २०२५ ला इंडोनेशिया आत, मग रिओ, मग २०२६ चं अध्यक्षपद भारताकडे. त्यांची न्यू डेव्हलपमेंट बँक शांघायला. शेजारी एआयआयबी (एशियन इन्फ्रास्ट्रक्चर इन्व्हेस्टमेंट बँक) बीजिंगला, एडीबी (आशियाई विकास बँक) मनिलाला, कारण ही तिघं माझ्या डोक्यात कायम एकमेकांच्या घरी राहायला जायची. चलनाच्या पानावर बल्गेरिया, १ जानेवारी २०२६ पासून लेव सोडून युरो, युरोझोनमधला एकविसावा देश. विसावा क्रोएशिया, २०२३. बातमीत देशाचं नाव आलं की आधी नकाशावर बोट ठेवायचं, मग पुढचं वाचायचं. कोण कोणाला काय बोललं हे मी वाचते, आवडतं म्हणून वाचते, पण वहीत लिहीत नाही.

आणि आपल्या माणसांच्या, आपल्या मातीतल्या बातम्या लिहायची गरजच नाही असं वाटायचं. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ ला बटुमीत कोनेरू हंपीला हरवून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक घेतला, ती ग्रँडमास्टर झाली, हे कोण विसरेल. पण त्याच महिन्यात शिवरायांचे किल्ले जागतिक वारशात गेले आणि तिथे मी तोंडावर आपटले. बारा किल्ले, स्टेटस ठेवलं, चार जणांना फॉरवर्ड केलं, आणि मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, प्रश्न आला की महाराष्ट्राशिवाय हे कुठल्या राज्यात आहेत. मला वाटलं प्रश्नच चुकीचा आहे! मी गोवा टिक केलं. अकरा महाराष्ट्रात आणि बारावा जिंजी, तमिळनाडूत. राजाराम महाराज जिंजीला होते हे शाळेत शिकलेय मी, आणि तरी. शेजारच्या मैत्रिणीने कर्नाटक टिक केलं होतं, त्यामुळे जरा बरं वाटलं.

पीडीएफच्या विरोधात नाहीये मी. रिव्हिजनला एक मंथली अजूनही वापरते, पण आधी वही आणि मग ती, म्हणजे वाचताना ‘अरे हे आहे आपल्याकडे’ असं होतं. आकड्यांची खात्री करायला पीआयबी (सरकारचं पत्र सूचना कार्यालय) आणि रिझर्व्ह बँकेची प्रेस रिलीज, फुकट आहेत, कंटाळवाणी आहेत, पण कॅप्सूलवाल्यांच्या टायपिंगच्या चुका त्यात नसतात. रोजचे ‘दिन’ आणि खासगी कंपन्यांच्या नेमणुका मी सरळ सोडून दिल्यात. एखादा मार्क जाईल, जाऊ दे.

मागच्या आठवड्यात ठेव विम्याचं पान करत होते. डीआयसीजीसी, म्हणजे बँकेतल्या ठेवींना विमा देणारं महामंडळ, ५ लाखांपर्यंत, ४ फेब्रुवारी २०२० पासून, आधी १ लाख होते. नेहमीप्रमाणे बाबांना सांगितलं, बँक बुडाली तरी मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकांना पण असतो. ते खूश झाले. म्हणाले, “मग आपल्या पतसंस्थेतल्याला पण असेलच.”

मी म्हटलं नाही बाबा, पतसंस्थेला नाही, तो बँकांना असतो.

बाबांनी पेपरची घडी घातली, चष्मा काढला आणि आत गेले. कपाटाचा आवाज आला. थोड्या वेळाने प्लॅस्टिकच्या पिशवीतून तीन ठेव पावत्या काढून माझ्या वहीवर ठेवल्या आणि म्हणाले, “तारखा वाच बरं यातल्या.”