कॉम्पॅक्ट पिस्तुलाचा ट्रिगर: ॲरिझोनाहून सोलापूरच्या दोस्तांना

"काय बे, तिकडं पिस्तूल सरळ दुकानात मिळतं म्हणं?" सोलापूरला आलो की मित्रांचा पहिला प्रश्न हाच. मिळतं, पण अमेरिकेत उतरल्या उतरल्या नाही. एच-१बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असलेल्या माणसाला इथला केंद्रीय कायदा बंदूक बाळगू देत नाही. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत. मला ग्रीन कार्ड झाल्यावरच घेता आलं. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, ओळखपत्र दाखवायचं, एफबीआयकडून नावाची तपासणी झाली की व्यवहार होतो.

मी घेतलं ग्लॉक १९, ९ मिमी गोळीचं कॉम्पॅक्ट, म्हणजे आटोपशीर पिस्तूल. नेमबाजीच्या रेंजवर येणाऱ्या नवख्यांची एक तक्रार ठरलेली असते: ट्रिगर जड आहे, कुणाकडून तरी हलका करून घेतो. या तक्रारीत तथ्य आहे. हे पिस्तूल रिकामं असताना जेमतेम ६०० ग्रॅम भरतं आणि ट्रिगर ओढायला अडीच किलोच्या आसपास जोर लागतो. म्हणजे हातातल्या वस्तूच्या वजनाच्या चौपट जोर एका बोटानं लावायचा, आणि तरी ती वस्तू तसूभर हलता कामा नये. नेमबाजीतल्या दहा मीटर एअर पिस्तूल स्पर्धेत हे गणित उलटं असतं. तिथं पिस्तूल दीड किलोपर्यंत चालतं आणि ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा लागतो. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सोनं जिंकलं ते २५ मीटर पिस्तूलमध्ये. तिथं ट्रिगरची किमान मर्यादा १ किलोची.

ट्रिगर सावकाश ओढून बघितला की त्याचे टप्पे बोटाला कळतात. आधी थोडी ढिली चाल. मग बोट अडतं, तिथं दाब साठत जातो. मग सुटतो, आणि सुटल्यावरही ट्रिगर किंचित मागं जातो. बोट हळूहळू पुढं सोडलं की 'टक्' असा बारीक आवाज येतो आणि ट्रिगर पुन्हा तयार होतो; पुढच्या गोळीसाठी बोट पूर्ण बाहेर आणायची गरजच नसते. बोट ट्रिगरच्या खालच्या टोकाकडं ठेवलं तर तोच ट्रिगर हलका वाटतो, कारण तो वरच्या खिळीवर फिरतो आणि खिळीपासून लांब गेलं की कमी जोर पुरतो. स्प्रिंगला हात न लावता एवढा फरक पडतो!

खरी अडचण सवयीची आहे. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर फुगे फोडूनच आपला हात बसलेला. नेम दिसला की खस्सकन ओढायचं. कॉम्पॅक्ट पिस्तुलात असं ओढलं की नळी हलते आणि गोळी बाजूला जाते. यावर उपाय रिकाम्या पिस्तुलाचा सराव. गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवायच्या, मॅगझिन काढायचं, चेंबर, म्हणजे नळीमागची गोळी बसायची जागा, डोळ्यांनी आणि बोटानं दोनदा तपासायचं, गोळी अडेल अशा भिंतीकडंच तोंड ठेवायचं. मग पुढच्या साईटवर, म्हणजे नेम धरायच्या नळीवरच्या खुणेवर, रिकामं काडतूस उभं करून ट्रिगर ओढायचा. काडतूस पडलं नाही तर बोट सरळ आलं. रोज थोडा वेळ केलं की तोच अडीच किलोचा ट्रिगर गुळगुळीत वाटायला लागतो. इथल्या कोरड्या हवेत धूळ फार, त्यामुळं साफसफाई आणि मोजक्या जागी एकेक थेंब तेल हेही चुकवून चालत नाही.

सुटे भाग बदलून ट्रिगर हलका करता येतो, आणि स्पर्धेत खेळणारे जाणकार आर्मररकडून, म्हणजे बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून, तसं करून घेतात. पण स्वसंरक्षणाच्या पिस्तुलात तसं करू नये असं माझं ठाम मत आहे. चुकीची स्प्रिंग बसली तर पिन काडतुसावर हवी तेवढी जोरात आदळत नाही आणि ऐनवेळी गोळी सुटत नाही. भागांची नको तिथं घासाघीस झाली तर पिस्तूल खाली पडल्यावर आपोआप सुटण्याचा धोका. घाबरलेल्या माणसाच्या बोटाला थोडा जड ट्रिगरच बरा.

माझा भाचा सोलापुरात एअर पिस्तूल शिकतोय. परवा व्हिडिओ कॉलवर विचारत होता, "मामा, स्प्रिंग बदलून ट्रिगर अजून हलका करू का?" त्याला म्हटलं, स्प्रिंगला हात लावू नकोस. स्पर्धेच्या एअर पिस्तुलात पहिल्या टप्प्याचा दाब, दुसऱ्याचा दाब आणि मागची अडण (सुटल्यावर ट्रिगर मागं कुठं थांबतो ते) यांसाठी वेगवेगळे स्क्रू असतात, ते प्रशिक्षकांसमोर फिरव. परवान्याच्या बंदुकीची तर गोष्टच वेगळी. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती किंवा तिच्यात बदल करण्याचा धंदा करायलाही परवाना लागतो, तेव्हा ओळखीच्या फिटरकडं बंदूक न्यायचीच नाही.

आणि बरोबर ५०० ग्रॅमवर ट्रिगर लावू नकोस, हेही सांगितलं. स्पर्धेतल्या तपासणीत नळी उभी धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवून उचलतात. वजन उचललं गेलं पाहिजे, ट्रिगर सुटता कामा नये. थोडा वर ठेवला की तिथं छातीत धडधड होत नाही.