कार्लाइलचं मैदान आणि 1912 चा मोसम

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या कार्लाइलला आता प्रवासी रेल्वे जात नाही. फिलाडेल्फियाहून अ‍ॅमट्रॅकच्या रेल्वेने हॅरिसबर्गपर्यंत निवांत येता येतं, पुढचे वीसेक मैल मात्र मोटारीने. हायवेलगतच्या मोटेलांत उतरू नये. आजूबाजूला गोदामं आहेत आणि रात्रभर ट्रकची घरघर चालू असते. त्यापेक्षा गावात हाय स्ट्रीटच्या आसपास राहावं. हा रस्ता इतका रुंद का, असा प्रश्न पडतो. कारण असं, की त्याच्या मधोमध 1936 पर्यंत रेल्वेचे रूळ होते. माझ्या मते या गावातलं सर्वांत बोलकं ठिकाण हा रस्ताच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन फुटबॉल गाजवणारा कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूलचा संघ आगगाडीनेच देश पालथा घालायचा.

ही शाळा 1879 साली रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने काढली. मूळ अमेरिकन जमातींच्या मुलांचे केस कापायचे, भाषा सोडायला लावायची, नावं बदलायची, हाच तिचा हेतू. 1918 ला ती बंद पडली. आज त्या आवारात लष्कराचं वॉर कॉलेज आहे, त्यामुळे मनाला येईल तेव्हा आत शिरता येत नाही. फाटकावर ओळखपत्र तपासून पास देतात, परदेशी पासपोर्ट असेल तर आधीच चौकशी केलेली बरी. आत 1777 सालचं दारूगोळ्याचं दगडी कोठार आहे, शाळेच्या काळात तिथे मुलांना कोंडून ठेवत. शाळेत दगावलेल्या मुलांच्या कबरी 1927 मध्ये मूळ जागेवरून हलवल्या. लष्कराने 2017 पासून काही अवशेष कुटुंबांकडे परत पाठवायला सुरुवात केली. डिसेंबर 2024 मध्ये हा परिसर राष्ट्रीय स्मारक जाहीर झाला.

आणि याच आवारात इंडियन फील्ड. मैदान साधंसं आहे, एका बाजूला प्रेक्षकांची जुनी गॅलरी. एवढा नावाजलेला संघ आणि मैदान इतकंच? कारण सोपं आहे. गाव लहान, तिकिटं खपणार किती? पैसा मिळायचा तो मोठ्या शहरांत, मोठ्या कॉलेजांच्या मैदानांवर, गेटच्या उत्पन्नातल्या वाट्यातून. म्हणून मोसमाची सुरुवात जवळपासच्या हलक्या संघांशी, आणि नंतर जवळजवळ सगळे सामने परमुलखात. 1912 चा ऑक्टोबर बघा: 12 तारखेला सिरॅक्यूज, 19 ला पिट्सबर्ग, शनिवारी 26 ला वॉशिंग्टनमध्ये जॉर्जटाउन, आणि सोमवारी 28 ला थेट कॅनडात टोरांटो. तेच अकरा जण चढाईही करणार आणि बचावही. एका पिरियडमध्ये, म्हणजे सामन्याच्या एका भागात, बाहेर गेलेल्या खेळाडूला त्याच पिरियडमध्ये परत यायला नियमाने बंदी होती. त्यामुळे दमलो म्हणून जरा बसतो, असं म्हणायची सोय नव्हती.

इथे आलेला जो तो या संघाचा सर्वांत गाजलेला खेळाडू जिम थॉर्प याच्याबद्दलच विचारतो. विचारावंच. 1912 च्या उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिंपिकला दोन सुवर्णपदकं, आणि लगेच त्या मोसमात 25 टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेणं), 198 गुण, हा नेहमी सांगितला जाणारा आकडा. पण नियमांबद्दल कुणी बोलत नाही, याचा मला राग येतो. 1911 पर्यंत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायला तीनच डाउन, म्हणजे प्रयत्न, मिळत, 1912 पासून चार. टचडाउनचे पाचाचे सहा गुण झाले. मैदान 110 यार्डांवरून 100 यार्डांवर आलं आणि दोन्ही टोकांना गोलरेषेपलीकडे दहा-दहा यार्डांचे पट्टे, म्हणजे एंड झोन, आखले गेले. पूर्वी पुढे फेकलेला पास गोलरेषेपलीकडे झेलला तर टचडाउन मिळत नसे, आणि वीस यार्डांहून लांब पास फेकायलाही मनाई होती. दोन्ही बंधनं गेली. लोकलच्या दारातल्यासारखी रेटारेटी करून पुढे सरकणाऱ्या वजनदार संघांपेक्षा हलक्या, चपळ संघाला हे नियम फायद्याचे ठरले.

प्रशिक्षक ग्लेन ‘पॉप’ वॉर्नरने हे बरोबर हेरलं. त्याच्या सिंगल विंग मांडणीत चेंडू एरवी तो आधी घेणाऱ्या क्वार्टरबॅकच्या हातात न जाता काही यार्ड मागे उभ्या असलेल्या धावपटूकडे थेट जायचा, आणि मागच्या खेळाडूंपैकी एक जण पुढच्या रांगेच्या टोकाबाहेर उभा राहायचा. त्यामुळे चेंडू घेणाऱ्याला धावणं, पास देणं, किक मारणं, तिन्ही वाटा शेवटपर्यंत मोकळ्या राहत. समोरच्याला आधी ओळखता आलं नाही की मधली फळी उघडी पडायची. तिन्ही कामं करणारा थॉर्प तिथे उभा असणं हा योगायोग नव्हता. चेंडू मागे फेकताना मात्र सेंटरचा, म्हणजे रांगेच्या मधल्या खेळाडूचा, नेम चुकला की सगळंच फसायचं.

9 नोव्हेंबरला वेस्ट पॉइंटवर लष्करी अकादमीविरुद्ध 27-6 असा विजय मिळाला. समोरच्या संघात पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले आयझेनहॉवर होते. पुढच्याच शनिवारी पेनकडून (पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ) 34-26 अशी हार पत्करावी लागली. मोसमाचा हिशेब 12 विजय, एक पराभव, आणि वॉशिंग्टन अँड जेफरसनशी 0-0 बरोबरी. 1914 मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, चौकशीत खेळाच्या निधीचा वापरही तपासला गेला, आणि त्या मोसमानंतर वॉर्नर शाळा सोडून गेला. मैदानं दूर, मुलं थकलेली, आणि कमाई कुणाच्या हाती, हे त्या चौकशीशिवाय कळलंच नसतं.

वेळ कमी असेल तर नॉर्थ पिट स्ट्रीटवरच्या कंबरलँड काउंटी हिस्टॉरिकल सोसायटीतले शाळेचे फोटो आधी बघा, मैदान नंतर. जिम थॉर्प नावाच्या गावी जायचा मोह होईल. पेनसिल्व्हेनियातलंच ते गाव, 1954 मध्ये त्याचं नाव बदललं आणि थॉर्पला तिथे पुरलं आहे. पण 1912 चा मोसम तिथे सापडत नाही. वेस्ट पॉइंटला जाऊन मिची स्टेडियमसमोर ‘इथेच थॉर्प खेळला’ म्हणून फोटो काढणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की ते स्टेडियम 1924 चं आहे.